बर्फ काई पूर नाई, मामा

वाघ दिसला की माणूस कसा येडा होते, हे मी लहानपणापासून पाहून राह्यली. मी वाघाच्या जंगलाला लागून असलेल्या मोहर्लीची, बाप सफारीची जिप्सी चालवते. संध्याकाळी घरी येऊन तो आज कोण कसं येडं झालं ते सांगते अन् आम्ही जेवता जेवता हासत बसतो. एक साहेब वाघ दिसल्यावर वाघाकडेच पाठ करून उभे राह्यले, काऊन तर सेल्फीत दोघंही यायले पाह्यजे. एका बाईनं वाघिणीले "हॅलो बेबी" म्हटलं, वाघीण उठून चालली गेली, तर तिचा राग आमच्या बापावर. माह्या मनात पक्कं होतं की हा रोग बाहेरच्या लोकायलेच होते. आपण जंगलातले, आपण समजदार.

मंग दिवाळी झाल्यावर आम्ही मनालीले गेलो.

आम्ही म्हणजे चौघं. मामा, मामी, धानोऱ्याची माही मावसबहीण जिले मी ताई म्हणतो, अन् मी. मामा गडचिरोलीचा. एसटीच्या लाल डब्ब्याचा ड्रायव्हर होता, अख्खी नोकरी भामरागडच्या रस्त्यावर गेली. रिटायर झाला अन् त्याले एकच भूत लागलं, बर्फ पाहाचा. मामी म्हणे, "फ्रिज उघडा ना, वरच्या खणात बम जमला हाये. काढा काढा म्हनून सांगून मी थकली." तरी तिकिटं निघाले. ताईले त्यानं जबरदस्तीच सोबत घेतलं. पोट्टी पहाटे रोडवर धावते, दिवसभर पुस्तकात राह्यते, तिले उलीसी हवा लागू दे, असं त्याचं म्हणणं.

ताई पोलीस भरतीची तयारी करते. यंदा तिचं वय बसत होतं, पुढच्या भरतीत बसत नव्हतं. म्हणजे हाच शेवटचा चान्स, याच्यानंतर सारी धावाधाव फुकट. अन् नशीब पाहा, ज्या दिवशी बॅगा भरल्या त्याच दिवशी तिच्या ग्राउंडची तारीख आली. ग्राउंड म्हणजे धावणं अन् गोळाफेक, गडचिरोलीले. त्यात पास झाली तरच लेखी. तारीख आमच्या परतीच्या नंतरची होती, मधात एखाददोन दिवस मोकळे. ताई म्हणे, "मी नाई येत. काई झालं तर?"

मामाले ते लागलं. "काय होते वं? ड्रायव्हर मानूस हावो मी. टायमात गाडी लावनं हेच तर जिंदगीभर केलं."

मनालीत बर्फ नव्हता. एक कण नाई. नोव्हेंबरची सुरुवात, बर्फाले अजून टाईम असते, हे आम्हाले तिथी गेल्यावर समजलं. मामा हॉटेलच्या गच्चीवर उभा राहून डोंगराकडे असा पाहे, जसा डोंगरानं त्याचं काई घेऊन ठेवलं आहे. शेवटच्या दिवशी संध्याकाळी आमची दिल्लीची बस होती, दिल्लीहून दुसऱ्या दिवशी रेल्वे. सकाळी टॅक्सीवाला म्हणे, डोंगरातल्या बोगद्याच्या पलीकडे चला, बर्फ भेटन, दुपारपर्यंत परत आणून सोडतो.

रस्त्यात त्यानं एका दुकानासमोर गाडी लावली. तिथी भाड्यानं बर्फाचे कपडे अन् गमबूट भेटतात. मामीले गुलाबी सूट आला, मानेपासून पायापर्यंत एकच तुकडा, मधात चेन. साडी आत कोंबली तर मामी कापसाच्या बोऱ्यासारखी दिसे. "मुतायले कसं जाचं वं यातून?" हा तिचा पहिला प्रश्न होता अन् दिवसभर त्याचं उत्तर कोणापाशी नव्हतं.

बोगद्यातून बाहेर निघालो अन् बर्फ पडत होता.

आता सांगतो कोण येडं झालं. मी गाडी थांबायच्या आधीच उतरली. मामा तोंड उघडं ठेवून, जीभ बाहेर काढून रस्त्याच्या मधात उभा राह्यला, मागून गाड्या हॉर्न मारून राह्यल्या. मामीनं मूठभर बर्फ तोंडात टाकला अन् म्हणे, "काईच चव नाई." मी तिचा व्हिडिओ काढला, मामाचा काढला, माह्याच हाताचा काढला. ताईनं पण दोन गोळे मारले, एक मामाच्या टकलावर नेमका बसला. भरतीच्या गोळाफेकीची प्रॅक्टिस म्हणे. अन् आमच्यासारखेच सारे. वाघीण रस्ता ओलांडते तवा जिप्स्यायची जशी गर्दी होते, एकाच्या नाकात दुसऱ्याची बोनट, तसा अख्खा रस्ता जाम.

त्या गर्दीत एक वेगळीच जात होती. स्कीवाले. पाच-सहा पोट्टेपोट्ट्या, दिल्ली-बंगलोरचे, चाकाले साखळ्या लावलेल्या दोन मोठ्या गाड्या, टपावर पायाले बांधून बर्फावर घसरायच्या लांब लांब फळ्या. तुफान येणार हे मोबाईलवर पाहून ते मुद्दाम धावत आले होते. लोक तुफानातून पळतात, हे तुफानाकडे पळत होते. ताज्या बर्फाले ते पावडर म्हणत अन् म्हणतानी डोळे मिटत. "ब्रो, नवंबर में पावडर. नवंबर में." हेच ते एकमेकायले सांगत, जसं दुसऱ्याले दिसतच नाई. एकजण गाडीत लॅपटॉप उघडून ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसला होता, कॅमेरा बंद, मधातमधात खोकत होता. मीटिंग संपली की खोकला संपला अन् तो फळ्या घेऊन नाचायले लागला.

टॅक्सीवाल्याचं ध्यान मात्र वर होतं, ढगाकडे. तो मामाले म्हणे, "अंकल जी, अभी निकलो. थोड़ी देर में रोड बंद होगा."

मामानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, जसा नवीन कंडक्टरच्या ठेवे. "भाऊ, गाडी साइडले लाव. असं रपारपा पडून राह्यलं तवा गाडी घालाची नसते."

"अंकल, अभी नहीं गए तो नहीं जा पाएंगे."

"थांबाचं. चहा प्याचा. उतरते."

हे समजायले भामरागड माईत पाह्यजे. तिथी पर्लकोटा नदी आहे. पावसाळ्यात तिचं पाणी पुलावरून वाहते अन् भामरागडचा रस्ता बंद. मामाची एक पद्धत होती. बस साइडले, इंजिन बंद, मुरमुऱ्याची थैली उघडी. अन् पाण्याच्या काठावर एक काडी रोवाची. काडी पाण्यात गेली तर पूर चढते, काडी कोरडी राह्यली तर पूर उतरते. काडीपासून पाणी चांगलं मागे गेलं की बस काढाची. घाई करणारे ड्रायव्हर गाडीसकट वाहून गेले, मामाच्या बसमधला एक माणूस कधी ओला झाला नाई. त्याची गावागावात इज्जत आहे ती या थांबण्यावर. कोणी सांगितलं असतं की मामा, इथी थांबणं हीच चूक आहे, तर त्याले ते समजलंच नसतं. टॅक्सीवाला तेच सांगून राह्यला होता.

"ये पानी नहीं है, अंकल जी."

"पानीच तर हाये. गोठलेलं. पानी असन तर उतरन."

ताई म्हणे, "मामा, बस चुकन."

"नाई चुकत. दोन तासात रस्ता मोकळा."

मामा खरंच काडी शोधायले निघाला. झाडं नाईत, काडी कुठून भेटणार. मंग त्यानं एका स्कीवाल्याले त्याच्या हातातली काठी मागितली, ती बर्फात टेकत चालतात ती. ढाब्यासमोर नेऊन रोवली, ढाब्याच्या बाकावर बसला, चहा सांगितला अन् काठीकडे पाहत राह्यला.

स्कीवाल्यायले वाटलं अंकल बर्फ मोजून राह्यले. ते सारे गोळा झाले. काठीवर आधीच पट्टे होते, काळे-पांढरे. एक पट्टा बुडाला की ते ओरडत अन् मामाचे फोटो काढत. "अंकल लेजेंड है." मामाले पहिल्यांदा बरं वाटलं. पण थोड्या वेळात त्याले समजलं की ज्याच्यासाठी तो मन मारून बसला आहे, त्याच्या उलट गोष्टीवर हे टाळ्या वाजवतात. दुसरा पट्टा गेला, टाळ्या. तिसरा गेला, शिट्ट्या. मामा उठून गेला, काठीभोवतालचा बर्फ पायानं उलीसा बाजूले सारला अन् परत बसला. एका पोट्टीनं पाह्यलं. "अंकल, चीटिंग नहीं."

मंग शिट्ट्या वाजवत पोलिसवाला आला अन् छोट्या गाड्या बंद म्हणून सांगून गेला. बोगद्याकडे फक्त साखळीवाल्या मोठ्या गाड्या, त्या पण सकाळी, जमलं तर. आमच्या टॅक्सीवाल्यानं सीट मागे पाडली, टोपी तोंडावर घेतली अन् झोपला. शिवी दिली असती तर मामाले सोपं गेलं असतं.

ढाब्याच्या वर एक खोली भेटली. संध्याकाळी आमची दिल्लीची बस मनालीहून आमच्याशिवाय निघाली असन. म्हणजे रेल्वे गेली. ताईनं मोबाईलवर रेल्वे पाह्यल्या, बोटावर हिशोब केला. दुसऱ्या दिवशी इथून निघून संध्याकाळची बस पकडली अन् पुढे जनरल डब्यात घुसली, तर ग्राउंडच्या आदल्या रात्री गडचिरोली. तिसऱ्या दिवशी निघाली तर संपलं. हे तिनं शांतपणे सांगितलं, जसं दुसऱ्या कोणाचं सांगून राह्यली.

मामीनं गुलाबी सूटातूनच मामाकडे पाह्यलं. "ड्रायव्हर मानूस हाये ना तुमी? लावा आता टायमात गाडी."

मामा भिंतीकडे तोंड करून झोपून गेला. झोप काई लागली नसन.

खाली स्कीवाल्यायची दिवाळी चालू होती. रस्ता बंद झाला याचाच त्याहिले आनंद. रोड बंद म्हणजे गर्दी बंद, पूरा पहाड़ अपना. कोणाच्या तरी मित्राचं विमान रद्द झालं, तो येऊ नाई शकला, त्याच्या नावानं हासले अन् त्याले व्हिडिओ पाठवला. आम्ही जेवायले खाली गेलो तवा ताईनं त्याहिले विचारलं, तुमच्या गाड्या सकाळी जातात का. जातात म्हणे. तिनं भरतीचं सांगितलं. खोकलावाल्यानं ऐकून घेतलं, मान हलवली, मोमोचा घास गिळला अन् म्हणे, "दीदी, नौकरी तो आती-जाती रहती है. ऐसा स्नो नहीं आता."

ताईनं पोळीचा तुकडा ताटात ठेवला. वर जाऊन खोलीबाहेरच्या लाकडी पॅसेजमध्ये जागच्या जागी धावायले लागली, गुडघे छातीपर्यंत. खाली धूळ पडत होती, स्कीवाल्यायच्या सूपात. एकजण वर पाहून म्हणे, क्या वाइब है.

सकाळी ऊन पडलं. बर्फ थांबला होता, गुडघाभर होता, अन् डोळ्याले सहन होईना इतका चमके. पोलिसवाल्यानं साखळीवाल्या गाड्या सोडायले सुरुवात केली. स्कीवाल्यायची एक गाडी थांबणार होती, दुसरी उतरणार होती, त्यात दोन जागा होत्या. खोकलावाला म्हणे चला, प्रॉब्लेम नाई. बस, एक लास्ट रन.

लास्ट रन म्हणजे काय ते सांगतो. तिथी वर न्यायले पाळणा-बिळणा काई नाई. फळ्या खांद्यावर घेऊन टेकडी चढाची, दोन मिनिटं घसरत खाली याचं, परत चढाची. घसरणं कमी, धापाच जास्त. तीन जण होते अन् अर्ध्या टेकडीवर बसून पाणी पिऊन राह्यले होते. पोलिसवाला दुपारी परत गेट बंद करणार म्हणे. ताई त्याहिच्यापाशी गेली.

"मैं चढ़ा देती. फिर निकलने का."

त्यायले मजाक वाटली. ताईनं मामाचा मफलर घेतला, त्याची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली. साऱ्या फळ्या एकावर एक लावून दोरीनं आवळल्या अन् भारा डोक्यावर घेतला. धानोऱ्याच्या जंगलातून जळतण आणायचं तसं. एक हात वर, एक हात हलता, अन् गमबूट घालून सरळ चढत गेली. ते तिघं मागून, धापा टाकत, मोबाईल धरून. एकजण व्हिडिओत बोलून पण राह्यला होता, देखो दोस्तों, पहाड़ की बेटी. धानोऱ्याची पोट्टी एका टेकडीत हिमाचलची लेक झाली. तिनं मागे वळून नाई पाह्यलं.

ते घसरत आले. झालं.

"दीदी, एक और. लास्ट वन."

ताईनं परत चढवलं. परत आले.

"लास्ट वन, पक्का. लाइट देखो यार."

माहा बाप सांगते, गेट बंद व्हायची वेळ झाली की जिप्सीतला साहेब हमखास म्हणते, भैया बस एक राऊंड और. बाप गाडी फिरवते, नोकरीचा प्रश्न असते. पोलिसवाला घड्याळ पाहून राह्यला होता. मामा अन् मी ढाब्यापाशी उभे होतो. ताईनं तिसऱ्यांदा भारा बांधला, डोक्यावर घेतला, चुंबळ नीट केली. ते तिघं टेकडीकडे वळले.

ताई खाली वळली.

आधी चालत. त्याहिच्या ध्यानात आलं तवा ती पळत होती. डोक्यावर साऱ्या फळ्या, गुडघाभर बर्फ, अन् बाई भरतीच्या चालीनं गाडीकडे. मागून ते तिघं. पण स्कीचे बूट म्हणजे कोरपन्याच्या सिमेंटमध्ये पाय घालून वाळवले आहे असे, घोटा वाकतच नाई. एक पाऊल टाकलं की पडत, उठत, "दीदी, ऊपर, ऊपर" ओरडत. खोकलावाल्याले आता खरा खोकला लागला. मामी ढाब्याच्या पायरीवर उभी राहून म्हणे, "पाह्य वं, कोंबड्यायच्या मागे लागल्यासारखे करून राह्यले."

ताईनं भारा गाडीच्या टपावर टाकला अन् दोरी आवळली. गाठ बांबू भरलेल्या गाडीची होती, ओढली की आणखी बसते. त्यांचा ड्रायव्हर तोंड फिरवून हासत होता. पहिला स्कीवाला आला, त्यानं गाठ ओढून पाह्यली, ती आणखी बसली.

"ये क्या बदतमीज़ी है?"

"लास्ट वन हो गया," ताई म्हणे, अन् दार उघडून आत बसली. मी तिच्या बाजूले घुसली.

फळ्या टपावर, मंग मालक काय करणार. ते पण बसले.

मामा-मामीले जागा नव्हती, ते टॅक्सी सुटन तवा येणार होते. मामा खिडकीपाशी आला. त्यानं वाकून गमबूट काढले, पायातले लोकरीचे मोजे काढले अन् खिडकीतून ताईच्या मांडीवर टाकले. "पाय सांभाळ," एवढंच म्हणे अन् उघडे पाय परत गमबुटात घालून मागे सरकला.

खाली उतरेपर्यंत स्कीवाले फुगून बसले होते. बोगदा ओलांडला तर समोरून वर येणाऱ्या गाड्यायची रांग, पार डोंगराच्या वळणापर्यंत. सारे बर्फ पाहाले निघालेले. खोकलावाला काच खाली करून म्हणे, "इन टूरिस्ट लोगों ने पहाड़ बर्बाद कर दिया." मी ताईकडे पाह्यलं. ताई खिडकीबाहेर पाहून राह्यली होती, तिचे खांदे हालत होते. रडते का काय म्हणून पाह्यलं तर हासत होती.

बस भेटली. दिल्लीत जनरल डब्यात उभं राहाची जागा भेटली, नागपूरच्या अलीकडे टेकायले भेटलं. ताईच्या पायाच्या बोटायले काई समजत नव्हतं. ती ते सारखे चोळे अन् माह्याकडे पाहून म्हणे, "तू काईच पाह्यलं नाई." हॉटेलवरून आणलेल्या बॅगेत तिचे धावायचे बूट होते, ते तिनं उशाशी घेतले.

ग्राउंडच्या दिवशी गेटबाहेर साऱ्यायचे मायबाप बसले होते, केळं, पाणी, ग्लुकोज घेऊन. माह्या बाजूले आरमोरीकडचा एक बाप होता, पोट्टी आत गेलेली. माह्या गालावरची बर्फानं काळी झालेली कातडी पाहून म्हणे, "उन्हात काम करता का बाई?"

"नाई भाऊ, मनालीहून आलो काल रात्री."

"मनाली?" त्यानं मले पायापासून डोक्यापर्यंत पाह्यलं. "भरतीच्या टायमाले मनाली. मजा आहे बाप्पा तुमची."

काय सांगू त्याले. मी म्हटलं, "हो, बर्फ पाहाले गेलो होतो."

जाळीतून उलीसं दिसत होतं. ताईची बॅच सुटली. पहिल्या राऊंडले ती मागे होती, पाय फेकून टाकत होती, जसे तिचे नाईतच. त्या बापानं पण जाळीले तोंड लावलं, त्याची पोट्टी पुढे होती, तो तिले हळूच "चाल, चाल" म्हणून राह्यला होता. दुसऱ्या राऊंडले ताई मधात आली. शेवटी कोण कुठी होतं ते धुळीत दिसलंच नाई.

दुपारी ती बूट हातात घेऊन बाहेर आली.

"किती?"

"धावन्यात पूर्ण नाई भेटले. गोळ्यात भेटले." ती खाली बसली, मामाचे मोजे काढले. एका बोटाचं नख काळंनिळं झालं होतं. तिनं ते दाबून पाह्यलं, तोंड वाकडं केलं. "चाला, दुखून राह्यलं म्हंजे जित्तं हाये."

कटऑफ काई दिवसांनी लागला, ताई त्याच्या उलीशी वर होती. पण ते तवा आम्हाले कुठी माईत. तिनं दोन केळं खाल्ले, तिसरं त्या आरमोरीच्या बापाच्या पोट्टीले देलं, अन् बॅगेतून सामान्य ज्ञानाचं जाडं पुस्तक काढून माह्या मांडीवर टाकलं.

"विचार," म्हणे. "लेखी राह्यली ना."

"ताई, घरी जाऊन विचारतो. माह्ये डोळे नाई उघडत."

"घरी जाऊन झोपशीन तू. इथीच विचार. कुठूनही उघड."